माळवदापासून एका एकरापर्यंत : ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ची वाटचाल

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशी झालेली. विसर्जन आटोपून उशिरा झोपलेल्या किल्लारी परिसराला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंपाचा धक्का बसला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. 6.2 तीव्रतेचा धक्का जगाच्या हिशेबात फार मोठा नव्हे. इतके जीव घेतले ते घरांच्या बांधणीने. मातीत बसवलेल्या गोट्यांच्या दोन-दोन हात जाड भिंती, त्यांच्या आत-बाहेरच्या थरांना एकमेकांशी जोडणारे काही नाही, आणि वर वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेलेले माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच छप्पर झोपलेल्या माणसांवर कोसळले. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेची वाटचाल सुरू झाली ती याच ढिगाऱ्यातून.

मदतीचा ओघ मोठा होता. मुख्यमंत्री शरद पवार तातडीने तिथे पोहोचले. लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीण परदेशी आणि त्यांचे सहकारी, सैन्यदल, देशभरातून आलेले स्वयंसेवक सारेच राबत होते. 1994 पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाचा पुनर्वसन कार्यक्रम सुरू झाला. पार उद्ध्वस्त झालेली 52 गावे नव्या जागी वसवायची ठरले. जमिनीच्या मालकीनुसार 250, 450 आणि 750 चौरस फुटांची घरे आखली गेली. रुंद, सरळ रस्त्यांच्या या वसाहती कागदावर देखण्या होत्या. प्रत्यक्षात जनावरे कुठे बांधायची, चूल कुठे मांडायची, शेजारीण हाकेच्या अंतरावर का नाही, हे प्रश्न बायकांनी राहायला गेल्यावर विचारले. आधी ते त्यांना कोणी विचारले नव्हते.

या 52 गावांची चर्चा पुष्कळ झाली. त्या मानाने दुसरे काम दुर्लक्षित राहिले, आणि आकड्यांत तेच मोठे होते. ज्यांच्या घरांना तडे गेले पण घरे उभी होती, अशांची संख्या दोन लाखांच्या घरात जात होती. त्यांच्यासाठी दुरुस्ती आणि बळकटीकरणाची योजना होती. घरमालकाने हप्त्याहप्त्याने मदत घ्यायची आणि आपल्याच घराची डागडुजी अशी करायची की पुढचा धक्का ते सोसेल. योजना चांगली, पण ती हलेना. पलीकडे पक्की नवी घरे उभी राहत असताना जुन्या भिंतीला टेकू कोण देणार? आपल्यालाही कधीतरी नवे गाव मिळेल या आशेवर लोक थांबून राहिले. गवंड्यांना नवी पद्धत पटत नव्हती, अभियंते मोजके आणि गावे शेकड्यांनी.

मुंबईत पदपथांवर राहणाऱ्या स्त्रियांबरोबर काम करणाऱ्या ‘स्पार्क’ संस्थेच्या स्थापनेत प्रेमा गोपालन यांचा सहभाग होता. त्या आणि त्यांचे सहकारी लातूरला आले ते मुंबईतला अनुभव गाठीशी घेऊन: घराविषयी सर्वांत जास्त माहिती घरातल्या बाईला असते. शासनाने लोकसहभागाची जबाबदारी त्यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या गटाकडे सोपवली. सुमारे 1,300 गावांत महिला मंडळांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले, आणि ही नेमणूक ग्रामसभेतून व्हायची होती. ज्या ग्रामसभेत बायकांनी बसण्याची रीतच नव्हती, तिथे त्यांचे नाव पुकारले जाऊ लागले. सुरुवातीला कुजबुज झाली, टिंगलही झाली. सासऱ्यासमोर बोलायचे कसे, अभियंत्याला प्रश्न विचारायचा कसा, या अडचणी खऱ्या होत्या आणि त्या कोणत्याही शासन निर्णयाने सुटणाऱ्या नव्हत्या.

संवाद सहायकांनी जे शिकून घेतले ते तपशिलाने सांगण्याजोगे आहे. माळवदावरची जादा माती उतरवून भार कमी करायचा. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारा दगड घालायचा, म्हणजे आतला आणि बाहेरचा थर एकजीव राहतो. दारे-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर साऱ्या भिंतींना कवेत घेणारा पट्टा फिरवायचा. कोपरे बांधून घ्यायचे. हे सारे बायका आधी स्वतः समजून घेत, मग गल्लीत जाऊन दाखवत. हप्ता मिळाला का, सिमेंट आले का, गवंड्याने दगड खरोखर आरपार घातला की नुसता तोंडाला लावला, याची पाहणी त्याच करत. गवंड्याच्या कामावर बाईने बोट ठेवणे ही मराठवाड्यातल्या खेड्यात त्या काळी लहान गोष्ट नव्हती. कामाला गती आली त्यात अधिकाऱ्यांचा वाटा आहेच, पण गावातली अडलेली गाडी पुढे सरकवली ती या अनाम स्त्रियांनी, हे नोंदवायला हवे.

कार्यक्रम संपत आला तेव्हा मंडळांपुढे प्रश्न उभा राहिला: आता काय? अनेक योजनांत उभी राहिलेली माणसे योजना संपताच पांगतात. इथे तसे झाले नाही. 1998 मध्ये स्वयं शिक्षण प्रयोग स्वतंत्र संस्था म्हणून उभी राहिली आणि दुरुस्तीसाठी जमलेल्या बायका बचत गटांत एकवटल्या. रेशन, पाणी, शाळा, आरोग्य केंद्र या कामांवर त्यांची नजर राहू लागली.

26 जानेवारी 2001 रोजी कच्छ हादरले आणि या अनुभवाची खरी कसोटी लागली. लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडे गेल्या त्या धान्याची पोती वाटायला नव्हे, तर आपण कशातून गेलो ते सांगायला. भाषा वेगळी होती, पण घर पडलेल्या बाईला घर पुन्हा बांधलेली बाई समोर दिसत होती. त्याआधी ऑगस्ट 1999 मध्ये तुर्कस्तानात भूकंपाने सतरा हजारांहून अधिक बळी घेतले होते. तिथल्या स्त्री-गटांशीही अशीच देवाणघेवाण झाली. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मराठवाडा आणि कच्छ या दोन्हीकडच्या बायकांचा अनुभव उपयोगी पडला.

घरमालकाच्या हाती हप्ते देऊन त्याच्याकडूनच सुरक्षित घर बांधून घेण्याची पद्धत पुढे हिमालयातही राबवली गेली. 2005 च्या काश्मीर भूकंपानंतर सीमेपलीकडे आणि 2015 नंतर नेपाळच्या डोंगरांत तीच वाट धरली गेली. नेपाळमध्ये प्रत्येक घराला तीन हप्त्यांत तीन लाख नेपाळी रुपये देण्यात आले. चढणीवरच्या वाडीत कंत्राटदार पोहोचत नाही, तिथे घरमालक आणि गवंडी हेच बांधणारे.

2006 नंतरचा टप्पा उपजीविकेचा. एका मोठ्या तेल कंपनीबरोबर कमी धुराची चूल गावोगाव पोहोचवण्याचा उपक्रम झाला. शेतातल्या टाकाऊ मालाच्या दाबलेल्या कांड्या आणि छोटा पंखा अशी तिची रचना होती. विकणाऱ्या गावातल्याच बायका, त्यांना ‘ज्योती’ म्हणत. सुरुवात जोरदार झाली. पुढे कांड्यांचे भाव वाढत गेले, आणि ज्या घरात सरपण फुकट मिळते तिथे चूल बाजूला पडली. चूल मागे पडली तरी विक्री, हिशेब, वसुली शिकलेल्या बायका मात्र मागे पडल्या नाहीत. त्यांतूनच पुढे सौरदिवे आणि इतर वस्तूंची ग्रामीण उद्योजकता वाढली.

मग दुष्काळ आला. 2012 पासून मराठवाड्याने वारंवार टंचाई सोसली. सोयाबीन आणि उसाच्या भरवशावरचे घर बायकांना धान्य विकत आणायला लावत होते. संस्थेने मांडलेली कल्पना साधी होती: घरच्या शेतातला एक एकर बाईच्या निर्णयाखाली द्या. त्यात बाजरी, डाळी, भाजीपाला, घरचे बियाणे, गांडूळखत. हा एकर मिळवताना घरोघर झालेल्या वाटाघाटी ग्रामसभेपेक्षा अवघड ठरल्या असाव्यात. गोदावरी डांगे यांच्यासारख्या, गावातूनच घडलेल्या नेत्यांनी हे काम पुढे नेले. त्यांच्या आयुष्यावर चित्रकथाही निघाली आहे. 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक संस्थेला मिळाले. 2018 मध्ये प्रेमा गोपालन यांना वर्षातील सामाजिक उद्योजकाचा भारतातील सन्मान लाभला.

मार्च 2022 मध्ये गोपालन यांचे निधन झाले. संस्थेचे काम त्यांच्या मागे थांबलेले नाही, कारण ते एका व्यक्तीवर उभे नव्हते. अडचणी अर्थात उरल्या आहेत. एक एकर कसणाऱ्या कित्येक स्त्रियांचे नाव सातबाऱ्यावर नाही, आणि त्यामुळे पीककर्ज, नुकसानभरपाई, सिंचनाच्या योजना त्यांना दुसऱ्याच्या नावाने मागाव्या लागतात. पतीच्या संमतीने पत्नीचे नाव लावण्याची ‘लक्ष्मी मुक्ती’ योजना 1992 पासून राज्यात आहे. संस्थेचे महिला गट आता तलाठ्याकडे त्यासाठीचे अर्ज घेऊन जातात.