सात नवे, एक जुना

नाइट कॅपिटल ही अमेरिकेतील जर्सी सिटीची शेअर दलाली कंपनी. 1 ऑगस्ट 2012 रोजी 45 मिनिटांत तिने 46 कोटी डॉलर घालवले. त्या वेळच्या दराने सुमारे अडीच हजार कोटी रुपये. आठांपैकी एका सर्व्हरवर कोडची जुनी आवृत्ती राहिली होती. त्या दिवसाच्या वेळा इथे भारतीय घड्याळाप्रमाणे दिल्या आहेत. जर्सी सिटी तेव्हा साडेनऊ तास मागे होती.

2003
'पॉवर पेग' नावाची ऑर्डर पाठवण्याची पद्धत कंपनीने वापरणे बंद केले. कोड मात्र काढला नाही. तो सर्व्हरवर तसाच पडून राहिला.

2005
मोठी ऑर्डर बाजारात लहान लहान तुकड्यांनी जाते. किती शेअर मिळाले हे मोजून, आकडा पुरा झाला की तुकडे थांबवणारा भाग कंपनीने कोडमध्ये दुसरीकडे हलवला. त्यानंतर पॉवर पेग पुन्हा तपासला नाही. आता तो चालू झाला असता तर स्वतःहून थांबणार नव्हता.

ऑक्टोबर 2011
शनिवार-रविवारी झालेल्या चाचणीतला बनावट डेटा सोमवारी बाजार उघडल्यावरही वापरात राहिला. भाव त्यावरूनच दिले गेले. नुकसान जवळपास 75 लाख डॉलर. खरा डेटा कोणता आणि चाचणीचा कोणता, यातली ही गल्लत होती. ती चूक दुरुस्त झाली. ती जिथून आली ती कामाची पद्धत तशीच राहिली.

3 जुलै 2012
किरकोळ गुंतवणूकदारांच्या ऑर्डरींसाठी न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजने आखलेल्या नव्या योजनेला नियामकाची मान्यता मिळाली. सुरुवात 1 ऑगस्टला. हातात महिनाही नव्हता.

जुलै 2012
नव्या योजनेचा कोड पॉवर पेगच्या जागी बसवायचा ठरला. ऑर्डरवर लागणारा फ्लॅग, म्हणजे खूण, मात्र जुनाच ठेवला. पूर्वी त्या फ्लॅगने पॉवर पेग चालू होई. आता त्याच फ्लॅगने नवी योजना चालू होणार होती.

माझ्या मते सगळ्यात महाग पडला तो हा निर्णय. विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्कबुक सांभाळणाऱ्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल. फाइल बदलत जाते, नाव तेच राहते. चालू कोणती, तपासलेली कोणती, रद्द कोणती, हे आवृत्तीवर लेबल लावून लिहिले नाही तर ते फक्त बदल करणाऱ्याच्या डोक्यात राहते. मालेगाव तालुक्यातल्या एखाद्या सोसायटीची कर्जवाटपाची यादी असो की वॉल स्ट्रीटचा सर्व्हर, एका लेबलचा अर्थ एकच हवा. अर्थ बदलला की लेबलही बदलायला हवे.

27 जुलै
नवा कोड टप्प्याटप्प्याने सर्व्हरवर चढवायला सुरुवात झाली. सर्व्हर आठ. तंत्रज्ञाने सातांवर कोड चढवला. आठवा राहून गेला.

दुसऱ्या तंत्रज्ञाने ते काम तपासले नाही. तसे तपासावे, असा लेखी नियमच कंपनीत नव्हता. आठही सर्व्हरवर कोणती आवृत्ती आहे हे शेजारी शेजारी मांडून पाहिले असते, तर एका ओळीत फरक दिसला असता.

1 ऑगस्ट, सायंकाळी 5.31
जर्सी सिटीत सकाळचे 8.01. बाजार उघडायला 89 मिनिटे बाकी. कंपनीच्या एका अंतर्गत यंत्रणेकडून काही कर्मचाऱ्यांना आपोआप ई-मेल जाऊ लागले. त्यात ऑर्डर पाठवणाऱ्या प्रणालीचे नाव होते आणि चूक तीन शब्दांत लिहिलेली होती: 'पॉवर पेग डिसेबल्ड'.

नऊ वर्षांपूर्वी सोडून दिलेले नाव त्या सकाळी पुन्हा समोर आले होते.

5.31 ते 7.00
असे 97 ई-मेल गेले. ते धोक्याचा इशारा म्हणून तयार केलेले नव्हते. आल्या आल्या ते वाचण्याची पद्धतही नव्हती. त्यांवर कोणी काही केले नाही.

7.00
बाजार उघडला. फ्लॅग लावलेल्या ऑर्डरी आठही सर्व्हरकडे गेल्या. सातांनी त्या नीट हाताळल्या. आठव्यावर पॉवर पेग जागा झाला. ऑर्डर पुरी झाल्याचे त्याला कळत नव्हते, म्हणून तो तुकडे पाठवतच राहिला.

7.00 नंतर
या ऑर्डरींच्या माऱ्यात विझार्ड सॉफ्टवेअर नावाच्या छोट्या कंपनीचा शेअर 3.50 डॉलरवरून 14.76 डॉलरपर्यंत गेला.

नाइटच्या ज्या खात्यात हे सौदे साचत होते, त्याची मर्यादा 20 लाख डॉलर ठरवलेली होती. पण मर्यादा ओलांडली म्हणून ऑर्डरी आपोआप थांबतील, अशी जोडणी नव्हती. साचलेले सौदे दाखवणारा पडदा होता. त्यावर मर्यादेचा आकडा दिसत नव्हता आणि तो आपणहून सावधही करत नव्हता. माणसाने पाहून ओळखायचे होते. असा प्रसंग आला तर काय करायचे, याची कार्यपद्धतीही ठरलेली नव्हती.

तंत्रज्ञ चालू प्रणालीतच दोष शोधू लागले. त्यांच्या दृष्टीने नवीन गोष्ट एकच होती: नुकताच चढवलेला कोड. त्यांनी तो काढला, आणि काढला तो ज्या सात सर्व्हरवर बरोबर बसला होता त्यांवरून.

अडचणीत मागच्या आवृत्तीवर जाणे हा शहाणपणाचा, सगळीकडे शिकवला जाणारा उपाय आहे. इथे मागच्या आवृत्तीत पॉवर पेग होता. ऑर्डरी फ्लॅगसह येतच होत्या. आतापर्यंत एक सर्व्हर चुकत होता. आता बाकीच्यांवरही तेच सुरू झाले. कोणत्या यंत्रावर कोणती आवृत्ती आहे, हा प्रश्न त्या क्षणी विचारला असता तर उत्तर काही मिनिटांत मिळण्यासारखे होते.

7.45
सुमारे 45 मिनिटांनी पाठवणे थांबले. गुंतवणूकदारांच्या मूळ ऑर्डरी होत्या 212. त्यांच्यापोटी 154 शेअरमध्ये 40 लाखांहून अधिक सौदे झाले, 39 कोटी 70 लाखांहून अधिक शेअरांचे. 80 शेअरमध्ये सुमारे 350 कोटी डॉलरची खरेदी अंगावर होती, 74 शेअरमध्ये सुमारे 315 कोटी डॉलरची विक्री.

 

पुढचे तास
कंपनीला सौदे रद्द करून हवे होते. उघडतानाच्या भावापेक्षा 30 टक्के किंवा त्याहून अधिक हललेल्या शेअरांचेच सौदे रद्द झाले. असे शेअर निघाले सहा. उरलेला बोजा कंपनीने सवलतीने गोल्डमन सॅक्सला विकला.

नाइटचा शेअर आदल्या दिवशी 10.33 डॉलरवर बंद झाला होता. त्या दिवशी, बुधवारी, तो 6.94 वर बंद झाला.

2 ऑगस्ट
कंपनीने 44 कोटी डॉलरचे नुकसान जाहीर केले. पुढे तो आकडा 46 कोटींवर गेला. शेअर 2.58 डॉलर.

6 ऑगस्ट
गुंतवणूकदारांच्या गटाने 40 कोटी डॉलर घालून कंपनी वाचवली. जुन्या भागधारकांच्या हातात कंपनीचा बहुतांश हिस्सा उरला नाही.

जुलै 2013
नाइटचे गेटको कंपनीशी विलीनीकरण पूर्ण.

16 ऑक्टोबर 2013
नियामकाचा आदेश आला. दंड 1 कोटी 20 लाख डॉलर. 97 ई-मेलची नोंद त्यात आहे, आणि ऑक्टोबर 2011 मधल्या चाचणीच्या डेटाचीही.