दुसऱ्याच्या फोटोवर विधायक अभिप्राय कसा द्यावा?

'अप्रतिम!' वाचून फोटो काढणाऱ्याला बरं वाटतं, पण पुढचा फोटो आणखी चांगला कसा येईल हे त्यातून कळत नाही. उलट 'काही जमलं नाही' एवढंच वाचून नवखा माणूस कॅमेरा कपाटात ठेवून देऊ शकतो. या दोन्हींच्या मधला मार्ग म्हणजे विधायक अभिप्राय. फोटोत काय साधलं आहे, कुठे अडतं आहे आणि पुढच्या वेळी काय करून बघता येईल, हे नेमकेपणाने सांगणं म्हणजे असा अभिप्राय.

आधी हेतू समजून घ्या

गणेशोत्सवातल्या ढोलवादकाचा फोटो घ्या. चेहरा स्पष्ट आहे, पण टिपरू धरलेला हात धूसर आहे. ही चूक म्हणायची का? शटरचा वेग १/३० सेकंद असेल तर हाताची हालचाल पुसट उमटते. १/१००० असेल तर हात जागीच थिजल्यासारखा दिसतो. ढोलाचा जोश दाखवायचा असेल, तर धूसर हात ही फोटोची ताकद ठरते. म्हणून 'हात हललाय' असं म्हणण्याआधी 'हाताची हालचाल मुद्दाम ठेवली आहे का?' असं विचारा.

चार पायऱ्यांची पद्धत

अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये कलाकृतींवर अभिप्राय देण्याची एक पद्धत मांडली. ती फोटोलाही लागू पडते.

१. पाहणारा आपल्याला काय भिडलं ते सांगतो.
२. कलाकार स्वतःचे प्रश्न विचारतो.
३. पाहणारा तटस्थ प्रश्न विचारतो.
४. शेवटी, कलाकाराची परवानगी घेऊन मत देतो.

म्हणजे मत सर्वांत शेवटी येतं. तोपर्यंत समोरच्याला नेमकी कशात मदत हवी आहे, हे कळलेलं असतं.

फोटोत काय पाहावं?

• प्रकाश: आकाश पांढरंफटक झालं असेल, तर तिथला तपशील बहुधा परत आणता येत नाही. मोबाइलवर आकाशावर बोट टेकवून उजेड कमी करता येतो, हे सुचवा.

• स्पष्टपणा: कारण ओळखा. सगळाच फोटो हलला असेल तर बहुधा कॅमेरा हलला आहे. फक्त माणूस धूसर असेल, तर शटर मंद होतं किंवा फोकस दुसरीकडे होता. हातात कॅमेरा धरताना २०० मिमी लेन्सला निदान १/२०० सेकंद वेग ठेवावा, असा जुना ठोकताळा आहे.

• रचना: क्षितिज तिरकं आहे का? डोक्यातून विजेचा खांब उगवल्यासारखा वाटतो का? 'रूल ऑफ थर्ड्स' हे नाव इंग्रज चित्रकार जॉन थॉमस स्मिथ यांनी १७९७ मध्ये निसर्गचित्रांविषयी लिहिताना वापरलं. तो एक संकेत आहे, कायदा नव्हे. विषय मधोमध आहे एवढ्यावरून फोटो चुकीचा ठरत नाही.

शब्द कसे निवडावेत?

'तुला फ्रेमिंग कळत नाही' हे माणसाबद्दल झालं. 'डावीकडची रिकामी जागा माझं लक्ष चेहऱ्यावरून हटवते. थोडं क्रॉप करून बघाल का?' हे फोटोबद्दल झालं. कौतुकही नेमकं करा: 'खिडकीतून आलेल्या उजेडामुळे आजींच्या सुरकुत्या सुंदर दिसतात.' एका वेळी एक-दोन सूचना पुरेत. दहा चुका मोजल्या तर एकही लक्षात राहत नाही.

परवानगी विसरू नका

१९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारी व्यक्ती. त्यामुळे दुसऱ्याचा फोटो स्वतः एडिट करून 'असा हवा होता' म्हणत परत टाकण्याआधी विचारा. अभिप्राय मागितलेलाच नसेल, तर सूचना खासगीत द्या.

शेवटी निर्णय फोटो काढणाऱ्याचा. तुमची सूचना त्याने स्वीकारली नाही, तरी आपला फोटो तो नव्या नजरेने पाहू लागला, तर अभिप्रायाचं काम झालं.