पगचं नाक कुठे गेलं?

लंडनच्या टेट ब्रिटन संग्रहालयात विल्यम होगार्थ या चित्रकाराचं १७४५ सालचं एक स्वचित्र आहे. मागे लंबगोल चौकटीत तो स्वतः, आणि पुढे ऐटीत बसलेला त्याचा कुत्रा. कुत्र्याचं नाव ट्रम्प (नावावर जाऊ नका!) आणि जात पग. पण आज आपण ज्याला पग म्हणतो तसा तो मुळीच दिसत नाही. त्याचं तोंड चांगलं पुढे आलेलं आहे. सरळ सांगायचं तर, त्याला नाक आहे.

मग हे नाक गेलं कुठे?

पग मूळचा चीनमधला, राजदरबारात मांडीवर बसणारा. डच व्यापाऱ्यांबरोबर तो युरोपात आला. १६८८-८९ मध्ये हॉलंडचा विल्यम आणि मेरी इंग्लंडच्या गादीवर आले, तेव्हा तिथल्या बड्या घरांत पगची चलती झाली. पुढे १८६० च्या दशकात चीनमधून आणखी काही पग आणले गेले, त्यांचं रक्त मिसळलं आणि चेहरा बदलू लागला.

पण खरा बदल घडवला तो स्पर्धांनी. १८५९ मध्ये न्यूकॅसलला पहिलं मोठं श्वानप्रदर्शन भरलं. १८७३ मध्ये लंडनमध्ये केनेल क्लब निघाला, १८८३ मध्ये पगसाठी वेगळा क्लब झाला. कुत्रा कसा दिसायला हवा याचे नियम कागदावर आले. तोवर कुत्रा निवडला जायचा तो बहुतेक कामासाठी. आपल्याकडे धनगराने कुत्रा राखला तो मेंढरं सांभाळण्यासाठी, आणि शिकारीसाठी कारवानी ठेवला तो त्याच्या पळण्यासाठी. ज्याला पळताच येत नाही त्याची पिल्लं वाढवायच्या भानगडीत कुणी पडत नसे. प्रदर्शनात मात्र बक्षीस मिळू लागलं ते दिसण्याला. चपटं तोंड छान, तर जास्त चपटं अधिक छान! पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं आणि नाक आत आत गेलं.

गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की हाड आखूड झालं तरी आतलं मांस तेवढंच राहिलं. मऊ टाळू लांब पडते आणि श्वासाच्या वाटेत येते. नाकपुड्या चिमटल्यासारख्या होतात. डोळे बाहेर आल्यामुळे त्यांना सहज इजा होते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. ज्याची श्वासाची वाटच अरुंद, त्याने आपल्याकडच्या मे महिन्यात काय करायचं? पग घोरतो म्हणून आपण कौतुकाने हसतो, पण ते घोरणं बऱ्याचदा श्वासासाठी चाललेली धडपड असते.

आपल्या घराघरांत पग पोचला तो २००३ च्या हचच्या जाहिरातीनंतर. त्या छोट्या मुलाच्या मागेमागे जाणारं ते कुत्रं कोण विसरेल? जाहिरात गोडच होती. पण त्यानंतर पगला जी मागणी आली ती पुरवायला मिळेल त्या जागेत, मिळेल त्या मादीची पिल्लं काढणारेही पुढे आले.

हे सगळं आठवायचं कारण माझी भाची. "मामा, घ्यायचा तर पगच," असं तिचं गेले दोन महिने चाललंय. ताई-भाऊजी जवळजवळ तयार आहेत. 'अमुक ठिकाणी स्वस्तात मिळतंय, पेडिग्रीचा कागदही देतात' अशी बातमीही घरात आली आहे. तिचा हिरमोड करणं माझ्या जिवावर येतं. पण वर्षभरात ते पिल्लू तिच्या मांडीवर धापा टाकू लागलं तर तो हिरमोड कितीतरी मोठा असेल.

म्हणून ताईला दोन-चार गोष्टी सांगितल्या, त्या इथेही लिहितो. पेडिग्रीचा कागद म्हणजे वंशावळ. आजोबा कोण ते त्यातून कळतं, आजोबांना श्वास घेता येत होता का ते कळत नाही. पिल्लू बघायला जाल तेव्हा त्याची आई बघायला मागा. ती कुठे राहते, माणसांजवळ येते का, थोडं चालून आल्यावर तिचा श्वास कसा वाजतो, हे स्वतः पाहा. "आई गावाला आहे" असं उत्तर मिळालं तर चपला घालून निघा. आपल्याकडे २०१७ पासून कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम आहेत. ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा कागद मागायला लाजू नका. चांगला ब्रीडर उलट तुम्हालाच प्रश्न विचारतो: घरी दिवसभर कोण असतं, जागा किती, आधी कुत्रा पाळलाय का? जो फक्त "कॅश की चेक?" एवढंच विचारतो, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये.

बाहेर वारे बदलताहेत. नेदरलँड्समध्ये २०१९ पासून तोंडाची लांबी डोक्याच्या एक तृतीयांशापेक्षा कमी असलेल्या कुत्र्यांची पैदास करता येत नाही. २०२२ मध्ये लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या अभ्यासात असं दिसलं की पगला आजार होण्याची शक्यता इतर कुत्र्यांच्या जवळपास दुप्पट आहे. पगने यातलं काहीच मागितलं नव्हतं. तो बिचारा स्वभावाने अजूनही तसाच, माणसाला चिकटून बसणारा. चेहरा आपण बदलला, आपल्या आवडीसाठी. आणि आवड बदलली तर गेलेलं नाक हळूहळू परत येऊही शकेल.

भाचीला होगार्थचं चित्र दाखवलं. "हा पग? हा तर जास्त छान आहे!" म्हणाली. निर्णय अजून व्हायचा आहे. शेजारच्या गल्लीत एका कुत्रीला चार गावठी पिल्लं झाली आहेत, त्यांची नाकं चांगली लांब आहेत, एवढं मी सहज तिच्या कानावर घालून ठेवलंय. बघू या.