नावात उरलेला इतिहास
(रुवैस येथे ध्वनिमुद्रित केलेल्या भाषणावरून)



दुबईच्या गगनचुंबी इमारतींविषयी रुवैसच्या रहिवाशाने बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. अबुधाबी शहराच्या पश्चिमेस सुमारे 240 किलोमीटरांवरील या तेलनगरीत सर्वांत उंच दिसतात ती कारखान्याची धुराडी. तरीही त्या इमारतींचा इतिहास मला येथूनच अधिक स्पष्ट दिसतो.

दुबईतील पहिला उत्तुंग मनोरा म्हणजे 1979 साली उघडलेले, 149 मीटर उंचीचे जागतिक व्यापार केंद्र. शंभर दिरहमच्या जुन्या नोटेवर त्याचे चित्र आपण पाहिले असेल. दुबईस तेल 1966 साली सापडले खरे. परंतु ते अबुधाबीच्या मानाने फारच थोडे होते. म्हणून ते शहर बंदर, व्यापार आणि पुढे कर्ज यांच्या बळावर वाढले. 2004 साली 'बुर्ज दुबई'चे काम सुरू झाले. त्याचा आराखडा तीन पाकळ्यांचा. त्या पाकळ्या मधल्या गाभ्यास आधार देतात. उन्हाळ्यात काँक्रीट तापू नये म्हणून त्यात बर्फ घालीत आणि ते रात्री ओतीत.

मनोरा पूर्ण होत आला, आणि दुबईवर कर्जाचे संकट कोसळले. 14 डिसेंबर 2009 रोजी अबुधाबीने 10 अब्ज डॉलरांचे साहाय्य जाहीर केले. बरोबर तीन आठवड्यांनी, 4 जानेवारी 2010 रोजी, 828 मीटरांच्या त्या मनोऱ्याचे उद्घाटन झाले आणि त्याच समारंभात त्याचे नाव 'बुर्ज खलिफा' झाले. शेख खलिफा हे देशाचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष व अबुधाबीचे शासक.

अबुधाबीची ही संपत्ती आली कोठून? 1962 साली दास बेटावरून तिच्या तेलाची पहिली निर्यात झाली. 1963च्या डिसेंबरात रुवैसलगतच्या जबल धन्ना बंदरातून वाळवंटातील तेलही बाहेर पडू लागले. मनोऱ्याचा पाया दुबईच्या भूमीत आहे. त्याच्या नावाची मुळे मात्र या किनाऱ्यापर्यंत येतात.

तेलाशी आपलेही नाते जुने आहे. कोकणात आपले पूर्वज घाण्यावर तेल काढीत व शब्बाथ पाळीत, म्हणून गावकरी त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. येथील कारखाना अहोरात्र चालतो. त्यास शनिवार ठाऊक नाही. पाळीच्या कामात आपला शनिवार कसा राखावा, हा प्रश्न येथील आपल्या प्रत्येक माणसापुढे आहे. तेव्हा एवढे ध्यानी असावे: पूर्वजांनी किती तेल काढले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही, त्यांचा घाणा कोणत्या दिवशी थांबे, ते मात्र नावात राहिले.