शेवट कुणाला सांगू नका

सप्टेंबर १९५६. अमेरिकेतल्या एका लहान गावाच्या मुख्य रस्त्यावर तुम्ही तिकिटाच्या रांगेत उभे आहात. उकाडा मरणाचा. तापलेल्या डांबराचा वास डोक्यात चढलाय, शर्ट पाठीला चिकटलाय. दारावरच्या पाटीवर सिनेमाचं नाव आहे, ‘द बॅड सीड’. रांग सरकते, काचेचं दार उघडतं आणि आतला गार वारा एकदम अंगावर येतो. थांबा तिथेच क्षणभर, घाम वाळू द्या.

आत लोण्याचा आणि खारट पॉपकॉर्नचा वास, त्यात सिगारेटचा. बॅटरीवाला पोरगा तुम्हाला खुर्चीपर्यंत सोडतो. पायाखाली सांडलेलं सरबत चिकचिकतंय. मागे कुणीतरी चॉकलेटचा कागद सोलतोय, केव्हापासून सोलतोच आहे.

आणि मग रोडा येते. आठ वर्षांची. दोन घट्ट वेण्या, कपाळावर नीट कापलेले केस, फ्रॉकला एक सुरकुती नाही. मोठ्या माणसांसमोर गुडघे किंचित वाकवून अदबीनं अभिवादन करते. शेजारची बाई पुटपुटते, ‘किती गोड!’ तुम्हालाही तसंच वाटतं, नाही म्हणू नका. चालताना तिच्या बुटांचे नाल वाजतात. तो आवाज लक्षात असू द्या.

शाळेत सुंदर हस्ताक्षराचं पदक रोडाला नाही, क्लॉड नावाच्या मुलाला मिळालंय. शाळेची सहल जाते आणि क्लॉड बुडून मरतो. रोडा घरी येते. आई तिला जवळ घेऊन समजवायला बघते; पोरीला भूक लागलीय. पीनट बटरचं सँडविच खाऊन ती चाकांचे बूट घेते आणि खेळायला पळते.

मागचा चॉकलेटचा कागद आता गप्प झालाय.

क्लॉडची आई दारू पिऊन रोडाच्या घरी येते तेव्हा मात्र सावरून बसा. आयलीन हेकार्ट ही भूमिका अशी करते की तिच्याकडे बघवत नाही आणि नजरही काढता येत नाही. माझ्या मते सगळ्या सिनेमाचं काळीज तिथे आहे. पोर गेलेली बाई काहीच मागत नाही, फक्त शेवटच्या वेळी काय घडलं ते कुणीतरी सांगावं, एवढंच. शेजारच्या बाईनं पर्समधून रुमाल काढलाय.

सिनेमा घराबाहेर फारसा पडत नाही. तो मुळात नाटक होता. रोडा झालेली पॅटी मॅकॉरमॅक आणि आईचं काम करणारी नॅन्सी केली, दोघींनी ब्रॉडवेवर हेच केलंय. काहींना ते खटकतं. मला नाही. बैठकीची तीच खोली रीळ फिरत जाईल तशी लहान होत जाते.

आता तळघरात लाकडाच्या किसावर झोपणारा गडी लीरॉय. रोडाला चिडवता चिडवता तो नको तितकं बोलून बसलाय. तिनं काड्या उचलल्यात. बाहेर त्याची किंकाळी फुटते, आई खिडकीशी ओरडते, आणि शेजारच्या खोलीत पियानो चालूच. लहान मुलांची साधी चाल, जास्त जास्त वेगानं. दिग्दर्शक मर्विन लीरॉयनं जळणारा माणूस दाखवलेलाच नाही. पण सभागृहात प्रत्येकाला तो दिसतोय. शेजारच्या अनोळखी बाईनं तुमचं मनगट घट्ट पकडलंय, आणि तुम्हीही ते सोडवून घेत नाही.

शेवटी नट एकेक करून पडद्यावर येऊन ओळख देतात. नॅन्सी केली त्या पोरीला मांडीवर पालथी घालून चापट्या देते आणि अख्खं थिएटर खदखदून हसतं, इतका वेळ रोखलेला श्वास सोडून. कथेचा शेवट कुणाला सांगू नका, अशी विनंतीही पडद्यावरच केलेली आहे. म्हणून मीही तो सांगितलेला नाही.

बाहेर तोच उकाडा. पुढच्या खेळाच्या रांगेतले एक आजोबा तुमची बाही धरतात. ‘त्या मुलीचं काय होतं हो?’

तुम्ही काचेचं दार त्यांच्यासाठी धरून ठेवता. ‘जा आत, गार आहे.’