बोलतं करणं

परवा नात घरी आली ती एक प्रश्न घेऊनच. घरात मारहाण सोसलेल्या काही बायकांवर तिला माहितीपट करायचा आहे. म्हणाली, "आजी, तू इतकी वर्षं इतिहास शिकवलास. या बायकांना बोलतं कसं करायचं गं?"

बोलतं करणं! हा शब्द एकेकाळी मला फार आवडायचा. वर्गात कोपऱ्यात बसणाऱ्या मुलाला बोलतं केलं की शिक्षकाला केवढा आनंद होतो! पण नातीने विचारलं आणि मला आठवला तो 'शोआ' नावाचा माहितीपट.

क्लोद लांझमान या फ्रेंच दिग्दर्शकाने ज्यूंच्या संहारावर केलेला हा माहितीपट १९८५ साली आला. लांबी तब्बल साडेनऊ तास, आणि मागे सुमारे ११ वर्षांची मेहनत. त्यात जुनी चित्रफीत एकही नाही. आहेत ती फक्त माणसं, त्यांचे चेहरे आणि त्यांचं बोलणं.

त्यातला एक साक्षीदार अब्राहम बोम्बा. पोलंडमधल्या ट्रेब्लिंकाच्या छळछावणीत नाझींनी त्याला न्हाव्याचं काम लावलं होतं. विषारी वायूने मारण्याआधी बायकांचे केस कापायचे, हे ते काम. लांझमान यांनी इस्राएलमधल्या एका केशकर्तनालयात त्याचं चित्रण केलं. हातात कात्री, समोर खुर्चीत गिऱ्हाईक. बोम्बा बराच वेळ शांतपणे सांगत राहतो. मग त्याच्या गावच्या, त्याच्यासारख्याच एका न्हाव्याची गोष्ट निघते. त्या न्हाव्याची बायको आणि बहीण एके दिवशी तिथे आत आल्या... आणि बोम्बा थांबतो. शब्दच फुटत नाही. पुढे नको म्हणून विनवतो. लांझमान कॅमेरा बंद करत नाहीत. हे सांगायलाच हवं, असं मृदू आवाजात पण ठामपणे बजावतात. काही वेळाने बोम्बा पुन्हा बोलू लागतो.

हे बरोबर की चूक? जाणकार अजून वाद घालतात. लांझमान यांनी शेवटपर्यंत त्याचं समर्थनच केलं (ते २०१८ साली गेले). त्यांची बाजूही मला समजते. नाझींनी पुरावे नष्ट केले होते, साक्षीदार म्हातारे होत होते. आज नाही सांगितलं तर कधीच नाही. त्या प्रसंगामुळेच ट्रेब्लिंका जगाच्या मनात राहिलं, हेही खरं.

याच सुमारास, १९७९ साली, अमेरिकेत न्यू हेवन गावी दुसरंच काही सुरू झालं होतं. डोरी लाऊब हे मनोविकारतज्ज्ञ, लहानपणी स्वतःच छळछावणीतून वाचलेले. त्यांनी लॉरेल व्लॉक या दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतकार बाईंबरोबर अशा लोकांच्या साक्षी टिपायला घेतल्या. पुढे तो संग्रह येल विद्यापीठात गेला. आज तिथे ४,००० हून अधिक साक्षी आहेत. त्यांची रीत साधी. प्रश्न कमीत कमी, वेळेचं बंधन नाही, आणि कुठून सुरुवात करायची, कुठे थांबायचं ते सांगणाऱ्याने ठरवायचं.

लाऊब यांनी लिहिलेली एक हकीकत इतिहासाच्या प्रत्येक शिक्षकाने वाचावी. १९४४ च्या ऑक्टोबरात ऑश्विट्झमध्ये कैद्यांनी उठाव केला. एका बाईने साक्षीत सांगितलं, की चार धुराडी उडाली. इतिहासकार म्हणाले, उडालं एकच, तेव्हा ही साक्ष भरवशाची नाही. लाऊब म्हणाले, धुराडी किती हा प्रश्नच नाही. जिथे कुणी हात उगारू शकत नव्हतं तिथे लोक उलटून उठले, याची ती साक्ष देते आहे. आणि तिला जे ठाऊक नव्हतं त्याबद्दल त्यांनी तिला खोदून विचारलं नाही. मी असते तर लाल पेनने '१' लिहिला असता!

आता माझंच सांगते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा मी लातूर जिल्ह्यातच नोकरीला होते. वर्षभराने शाळेच्या हस्तलिखिताचा भूकंप विशेषांक काढला. दोन लेकरं गमावलेल्या एका मावशींना मी वर्गात बोलावलं. त्या मधेच थांबल्या, पदराचं टोक पिळत बसल्या. मी म्हटलं, "सांगा ना मावशी, मुलांना कळायला हवं." त्यांनी सांगितलं. मुलं रडली, मुलांनी लिहून घेतलं. अंकाला तालुक्यात बक्षीस मिळालं. मावशी मात्र त्यानंतर शाळेच्या रस्त्याने यायच्या बंद झाल्या. कुठे दिसल्या तरी मान खाली घालून पुढे जायच्या.

लांझमान यांच्याकडे निदान ११ वर्षांची तपश्चर्या होती. माझ्याकडे काय होतं? एक तास आणि एक विशेषांक.

नातीला एवढंच म्हटलं, "बोलतं करायला जाऊ नकोस. नुसती जाऊन बस. कॅमेरा कधी बंद करायचा ते त्या बाईला ठरवू दे. आज हो म्हणाली तरी आठवड्याने पुन्हा विचार. आणि लोकांना दाखवायच्या आधी तिला दाखव. तेव्हा ती नको म्हणाली, तर ते काढून टाक."

"पण मग फिल्मच झाली नाही तर?" नात म्हणाली.

"नाही झाली तर नाही झाली."

ती गेल्यावर लक्षात आलं, तो बक्षीस मिळालेला अंक मावशींना दाखवायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

असो. तुम्ही कधी कुणाला असं 'बोलतं' केलंय का?