ऊर्वस्थिभंग, बालकांतील : मर्यादित साधनांतील उपचार

मांडीचे हाड (ऊर्वस्थी) हे शरीरातील सर्वांत लांब आणि बळकट हाड. मुलांत ते बहुधा मधल्या दांड्यात मोडते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांसारख्या भागात, जिथे क्ष-किरण यंत्र मिळते पण अस्थिशल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर हाड दाखवणारे सी-आर्म यंत्र एकाच वेळी मिळतीलच असे नाही, तिथे या दुखापतीचा उपचार वजन लावणे आणि कमरेपासूनचे प्लास्टर या दोन जुन्या पद्धतींवर उभा असतो. सहा वर्षांखालील मुलांसाठी हा दुय्यम उपचार नव्हे. नीट केला तर तोच योग्य उपचार आहे. उलट, या वयात केवळ सोय आहे म्हणून हाडात सळई घालणे बहुतेक वेळा अनावश्यक ठरते.

कारणे वयानुसार बदलतात. रांगण्याआधीच्या बाळाची मांडी आपोआप मोडत नाही. अडलेली प्रसूती, हाडांचा जन्मजात ठिसूळपणा किंवा मारहाण यांचा शोध घ्यावाच लागतो, आणि तो आईवर आरोप न करता घेता येतो. दोन-तीन वर्षांच्या मुलाला धावताना पाय मुरगळून पडणेही पुरते. मोठ्या मुलांत जोराचा आघात असतो : उन्हाळ्यात आंब्या-जांभळाच्या झाडावरून पडणे, बैलगाडीचे चाक, मुंबई–नाशिक महामार्ग ओलांडताना बसलेली धडक. किरकोळ निमित्ताने हाड मोडले असेल तर हाडातील पोकळ गाठ, मुडदूस किंवा कुपोषण यांचा विचार करावा.

मुलाच्या हाडावरील वेष्टन, म्हणजे पर्यस्थी, जाड आणि रक्ताने समृद्ध असते. त्यामुळे हाड लवकर जुळते : नवजात बाळात तीन आठवड्यांत, शाळकरी मुलात सहा ते दहा आठवड्यांत. वाकडे जुळलेले हाड वाढीबरोबर बरेचसे सरळ होते. दोन वर्षांखाली ३० अंशांपर्यंतचा बाक चालतो. दोन ते पाच वर्षांत बाजूला १५ आणि पुढे-मागे २० अंश, सहा ते दहा वर्षांत १० आणि १५ अंश, त्यानंतर मात्र जेमतेम ५ आणि १० अंश खपतात. शिवाय दोन ते दहा वर्षांच्या वयात मोडलेले हाड जुळल्यावर दुसऱ्या पायापेक्षा साधारण एक सेंटिमीटर अधिक वाढते. म्हणून टोके एक-दीड सेंटिमीटर एकमेकांवर चढलेली राहिली तरी बिघडत नाही. अशी क्ष-किरण चित्रे पाहून घाबरलेल्या पालकांना हे सांगणे डॉक्टरचे काम आहे. निसर्ग जवळजवळ सुधारत नाही तो पीळ. पाऊल आत किंवा बाहेर वळलेल्या स्थितीत हाड जुळले तर मूल तसेच चालत राहते. गुडघ्याची वाटी आणि पाऊल कोणत्या दिशेला आहेत हे प्लास्टर घालताना डोळ्यांनी पाहावे लागते. क्ष-किरण चित्रात हा दोष सहज निसटतो.

प्रथमोपचारात पाय स्थिर करणे सर्वांत महत्त्वाचे. काखेपासून टाचेपर्यंत बाहेरून लांब फळी, जांघेपासून टाचेपर्यंत आतून आखूड फळी, मध्ये कपड्याच्या घड्या. फळी नसेल तर दोन पायांमध्ये गोधडीची घडी ठेवून मोडका पाय चांगल्या पायाला बांधावा. चोळू नये, तेल लावू नये, हाड बसवण्याचा प्रयत्न करू नये. बोटे गुलाबी, ऊबदार आहेत का आणि मूल ती हलवते का, हे बांधण्याआधी व नंतर पाहावे. जखमेतून हाड दिसत असेल तर स्वच्छ ओल्या कपड्याने झाकून प्रतिजैविक व धनुर्वाताची लस मिळेल तिथे तातडीने न्यावे. लहान मुलात एकट्या मांडीच्या बंद अस्थिभंगाने सहसा रक्तदाब घसरत नाही. मूल गार, फिकट, सुस्त पडत असेल तर रक्तस्राव पोटात किंवा अन्यत्र शोधावा.

या भागात अनेकदा पहिला हात हाडवैद्याचा लागतो. तो गावात असतो, थोडक्या पैशांत पाहतो, रुग्णालयात अडकवून ठेवत नाही. बांबूच्या कामट्या ही त्याची चूक नाही. चूक आवळून बांधण्याची आहे. सूज वाढते, पट्टी ढिली होत नाही, रक्तपुरवठा तुटतो आणि पाय काळा पडतो. दुसरी अडचण शरीररचनेची : मांडीचे हाड स्थिर करायला खुबा आणि गुडघा दोन्ही धरावे लागतात, नुसत्या मांडीभोवतीच्या कामट्यांना ते जमत नाही. हाडवैद्याची टिंगल करून काही साधत नाही. ‘मांडी मोडली तर बांधू नकोस, फळीला धरून पाठव’ एवढे त्याला पटले तर तोच सर्वांत जवळचा मदतनीस होतो. ज्याच्या नावाची पाय स्थिर धरणारी पट्टी (थॉमस स्प्लिंट) आजही जगभर वापरतात तो लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस (१८३४–९१) हाडवैद्यांच्या घराण्यातलाच होता. बाप हाडे बसवत असे, मुलगा वैद्यकशास्त्र शिकला. त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स याने पहिल्या महायुद्धात ती पट्टी मोडलेल्या मांडीच्या सैनिकांसाठी रुजवली.

उपचाराची निवड वय, वजन आणि हाड किती आखूड झाले यांवर ठरते. सहा महिन्यांखालील बाळाला खांद्यावरून पट्ट्यांनी पाय धरून ठेवणारे पाव्हलिक हार्नेस किंवा हलके प्लास्टर पुरते. सहा महिने ते पाच वर्षे या गटात, टोके दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त चढलेली नसतील तर पहिल्या एक-दोन दिवसांतच कमरेचे प्लास्टर घालता येते. यालाच स्पायका म्हणतात. जास्त चढलेली असतील तर आधी दोन-तीन आठवडे वजन लावून, हाडाभोवती चिकट गाठ धरली की मग प्लास्टर.

वजन लावण्यासाठी चिकटपट्टी पायाच्या दोन्ही बाजूंना लावून दोरी कप्पीवरून सोडतात. वजन मुलाच्या वजनाच्या साधारण दहाव्या भागाइतके. वाळूची पिशवी चालते, मात्र ती तराजूवर मोजलेली असावी. खाटेचे पायथ्याकडचे पाय विटांवर उचलले की मुलाचे अंगच उलट बाजूचा ओढा देते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या गाठीखालून एक मज्जातंतू जातो. तिथे पट्टी रुतली की पाऊल खाली लोंबते, म्हणून मुलाला रोज पाऊल वर उचलायला सांगावे. दोन्ही पाय सरळ वर टांगून कुल्ले गादीपासून जेमतेम उचलणारी ब्रायंटची पद्धत फक्त दोन वर्षांखालील, सुमारे १२ किलोपेक्षा हलक्या मुलांसाठी. तीत चांगल्या पायाचाही रक्तपुरवठा बिघडू शकतो, म्हणून पहिले दोन दिवस रात्रीसुद्धा बोटे तपासावी लागतात. रात्रपाळीची परिचारिका एकटी असेल तर ही पद्धत न वापरणेच शहाणपणाचे.

प्लास्टर जिप्समपासून बनते. त्याच्या भुकटीची पट्टी १८५० च्या दशकाच्या आरंभी डच लष्करी शल्यचिकित्सक आन्टोनियस मॅथायसेन याने रूढ केली. आजही अस्थिभंगाचा एवढा स्वस्त उपचार दुसरा नाही. स्पायका घालताना मुलाला गुंगी लागते. केटामाइन हे औषध भुलीच्या यंत्राविना चालते, पण ऑक्सिजन आणि केवळ श्वासाकडे लक्ष देणारे एक माणूस हवेच. कमरेखाली टेकू, खुबा व गुडघा वाकवलेले, पाय किंचित बाहेर वळवलेला. पोटावर घडी केलेला टॉवेल ठेवून त्यावरून प्लास्टर गुंडाळतात आणि नंतर टॉवेल ओढून काढतात, म्हणजे जेवणाला जागा राहते. आधी पोटरीचे प्लास्टर घालून त्याला धरून पाय ओढण्याची रीत टाळावी, कारण तीत पोटरीच्या स्नायूंवर घातक दाब येऊ शकतो. पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्यात क्ष-किरण चित्र काढले तर सरकलेले हाड वेळेत कळते. तेव्हा प्लास्टरला खाच पाडून ते सरळ करता येते, तीन आठवड्यांनंतर नाही.

खरा उपचार इथून पुढे घरात होतो, आणि तो आई करते. प्लास्टर वाळायला एक-दोन दिवस लागतात, पावसाळ्यात जास्त. तोवर ते बोटांनी दाबू नये, तळहातावर पेलावे. दोन-तीन तासांनी मुलाला कुशीवर, पालथे करावे. प्लास्टरच्या पायांमध्ये बसवलेल्या आडव्या काठीला धरून उचलू नये. लघवी-शौचाच्या जागी प्लास्टिकची किनार लावून दुमडलेला जुना सुती कपडा आत सरकवावा, ओला झाला की लगेच बदलावा. खाज सुटली तरी आत काडी घालू नये. जेवण थोडे थोडे, अनेकदा. बोटे निळी किंवा सुजलेली, न थांबणारे रडे, ताप, प्लास्टरमधून दुर्गंधी, वारंवार उलट्या यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. हे सगळे सुटीच्या कागदावर छापून भागत नाही. वॉर्डात आईकडून एकदा करून घ्यावे आणि वस्तीवरच्या आशाताईला कळवावे. स्पायकातले मूल एसटीच्या बाकावर किंवा भरलेल्या जीपमध्ये बसत नाही. त्याला आडवे न्यावे लागते. परतीच्या गाडीची सोय हा उपचाराचाच भाग धरला पाहिजे.

पाच-सहा वर्षांपासून चित्र बदलते. स्पायका जड होतो, मूल उचलवत नाही, शाळा बुडते. फ्रान्समधील नान्सी येथे १९८० च्या सुमारास विकसित झालेल्या लवचिक सळया ५ ते ११ वर्षांच्या मुलांत उत्तम काम करतात. हाडाच्या पोकळीच्या सुमारे ४० टक्के जाडीच्या दोन सळया गुडघ्याच्या वरून, वाढीचा थर टाळून घालतात. मूल आठवड्याभरात घरी जाते. सुमारे ५० किलोपेक्षा जड मुलांत त्या वाकतात. सी-आर्म नसेल तर छोटी चीर घेऊन त्या बसवता येतात. अमेरिकी शल्यचिकित्सक लुईस झर्कल यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या साइन संस्थेची सळईही क्ष-किरण पडद्याविना बसवण्यासाठीच घडवलेली आहे. निर्जंतुक शस्त्रक्रियागृहाची खात्री नसेल तिथे मात्र थॉमसच्या पट्टीत सहा-आठ आठवडे वजन लावणे अधिक सुरक्षित. हाडात शिरलेला जंतुसंसर्ग दोन सेंटिमीटरच्या आखूडपणापेक्षा कितीतरी वाईट.

रुग्णालयापर्यंत पोहोचणे हीही अडचण आहे. मध्य रेल्वेचा कसारा मार्ग शहापूर तालुक्यातून जातो. मुरबाड तालुक्याला रेल्वे नाही. शहापूरला उपजिल्हा व मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. त्यापुढे ठाण्याचे जिल्हा रुग्णालय, आणि मग मुंबईतील शीव, केईएम किंवा मुलांसाठीचे परळचे वाडिया रुग्णालय (स्थापना १९२९). राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, तरी डोंगराकडच्या पाड्यांवरून पावसाळ्यात रुग्ण आधी डोलीतून रस्त्यापर्यंत आणावा लागतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे शस्त्रक्रियेच्या खर्चाचा भार हलका होऊ शकतो. तीन आठवडे वजन लावलेल्या मुलाजवळ बसणाऱ्या आईची बुडालेली मजुरी मात्र तिच्या घरावरच पडते, आणि पुष्कळ मुले याच कारणाने अर्ध्या उपचारावर घरी नेली जातात. खाट, मोजलेले वजन आणि प्लास्टर यांच्याबरोबर आईच्या जेवणाची आणि रोजंदारीची तरतूद रुग्णालयाने केली तर तालुक्याच्या ठिकाणीच बहुतेक लहान मुले बरी होतील.

प्लास्टर निघाल्यावर लहान मुलाला वेगळ्या व्यायामाची गरज नसते. ते आधी रांगते, मग धरून उभे राहते. काही आठवडे लंगडते आणि ते आपोआप जाते. वर्षभराने, आणि जमल्यास दोन वर्षांनी, पायाखाली पातळ फळ्या ठेवून दोन्ही पायांची लांबी ताडून पाहावी. कातकरी व इतर कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तपासणीची तारीख रुग्णालयाच्या सोयीने दिली तर ती हुकते, म्हणून ती जून-जुलैमध्ये द्यावी आणि त्याआधीच्या तपासणीसाठी भट्टीचे गाव व तिथले जवळचे आरोग्य केंद्र केसपेपरवर लिहून घ्यावे.